स्वस्तात झिजणारी गाडी

कुणाच्या अंगणात जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप उभी दिसली की आलेला पाहुणा हमखास विचारतो, "ही ठेवून परवडते का हो? सारखी कामं काढत असेल ना?" मालक बहुधा हसून विषय बदलतो. कामं निघतात, हे त्याला नाकारता येत नाही. पण ती निघूनही गाडी तीस-चाळीस वर्षं शेतावर, घाटात, चिखलात कशी चालते, हे त्याला चटकन सांगता येत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणात शोधू. सुरुवातीलाच एक फरक करून घेतो. जुनी गाडी प्रदर्शनात मांडण्यासाठी नव्यासारखी करणं हा वेगळा उद्योग आहे. इथे विषय आहे तो उद्या सकाळी खताची पोती घेऊन निघायचं आहे अशा गाडीचा. तिला चकाकी नको, भरवसा हवा.

कोणती गाडी?

आपल्याकडे जुनी फोर-बाय-फोर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती महिंद्रची जीप. मूळ गाडी अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने सैन्यासाठी जी जीप बांधली, तिचीच नागरी आवृत्ती पुढे 'सीजे', म्हणजे सिव्हिलियन जीप, या नावाने निघाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला तिचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात झाली. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची गाडी आपल्याकडे सर्वांत ओळखीची झाली. बॉनेट उंच करावं लागलं, कारण आतलं नवं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं. पुढे पेट्रोल परवडेनासं झालं आणि डिझेल आलं. इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोचं २,११२ सीसीचं इंजिन तयार होऊ लागलं, ते एमएम ५४० सारख्या गाड्यांत बसलं.

इंजिनं आणि बॉनेटं बदलत गेली तरी खालची मांडणी बरीच वर्षं त्याच घराण्यातली राहिली. शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे, पुढे-मागे एकेक भक्कम अॅक्सल आणि मधोमध दोन्हींना ओढ वाटून देणारी ट्रान्स्फर केस. म्हणूनच आजोबांच्या गाडीचे भाग नातवाला दुकानात मिळतात. पुढचे आकडे मी सीजे-३बीचे देतो आहे. इतर गाड्यांचे थोडे वेगळे असतील, पण हिशेब तोच.

झीज कुणाच्या वाट्याला?

दोन धातू एकमेकांवर घासले की झीज होणारच. ती टाळता येत नाही, पण ती दोघांपैकी कुणाची व्हावी हे गाडी आखणाऱ्याच्या हातात असतं. या जीपमध्ये ते काटेकोरपणे ठरवलेलं आहे, आणि माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचं कारण तिच्या जाड पत्र्यापेक्षा हेच आहे.

इंजिनातला क्रँकशाफ्ट घ्या. तो महाग आणि कठीण. त्याच्याभोवती पातळ, मऊ धातूच्या वाट्या बसवलेल्या असतात. त्यांना बेअरिंग म्हणतात. ऑइलमध्ये कचरा आला तर तो मऊ वाटीत रुततो आणि क्रँक वाचतो. वाट्या झिजल्या की बदलायच्या. क्रँकवरही ओरखडे आले असतील तर तो दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, ग्राइंड करून घ्यायचा आणि त्या मापाच्या अधिक जाड वाट्या घालायच्या. सिलिंडरचंही तसंच. हरिकेन इंजिनाचा बोअर सव्वातीन इंचाला अष्टमांश कमी, म्हणजे ३.१२५ इंच. तो अंडाकृती झिजला की लेथवाला दहा, वीस, तीस किंवा चाळीस थाऊ मोठा करून देतो आणि त्या मापाचे पिस्टन मिळतात. एकाच ब्लॉकला असे अनेक जन्म मिळतात. तेही संपले तर लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येतं.

चाकांतली, अॅक्सलमधली बेअरिंगं तर त्याहून सोपी. त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. पुढच्या चाकाच्या किंगपिनच्या बेअरिंगवर ११५९० आणि त्याच्या बाहेरच्या कडीवर ११५२० दिसेल. हा नंबर जीपचा नाही, बेअरिंगच्या मापाचा आहे. गाडीचं नाव न सांगताही कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात तो चालतो.

मग गाड्या भंगारात का जातात? स्वस्त भागाने आपली झीज महागड्या भागाकडे ढकलली म्हणून. मागच्या अॅक्सलचं ऑइल सील ही रबराची साधी कडी. ती गेली की डिफ्रन्शियलचं ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. ब्रेकचे लायनर ऑइल पितात आणि गाडी थांबताना एका बाजूला ओढली जाते. इकडे डिफ्रन्शियलची पातळी उतरत राहते. कुणी बघत नाही. शेवटी त्यातले क्राउन-पिनियन हे गिअर कोरडे पडून गुंजू लागतात. ती जोडी बदलायला काढली की मालक म्हणतो, गाडी फार खर्चिक आहे. गाडीने त्याला आधी सील मागितलं होतं.

दुरुस्तीचा क्रम लावायचा तो यावरून. जिथे दुर्लक्ष केलं तर जीव जाईल ते आधी. जिथे दुर्लक्ष केलं तर झीज पुढे सरकेल ते त्यानंतर. रंग, गाद्या, टप यांचा नंबर शेवटी.

आधी थांबता आलं पाहिजे

जुन्या जीपचा हायड्रॉलिक ब्रेक एकाच वाटेचा असतो. पेडलला जोडलेला एक मास्टर सिलिंडर, त्यातून निघालेली नळी चारही चाकांना. आजच्या गाड्यांत ही वाट दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे एक भाग फुटला तरी दुसरा निम्मा ब्रेक लावतो. इथे एक नळी फुटली की पेडल थेट फळीला टेकतं. म्हणून बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिनाआधी नळ्या, रबरी होज आणि सिलिंडर पाहावेत. गंजलेली नळी घासून रंगवणारे लोक मी पाहिले आहेत. ती बदलायचीच असते.

ब्रेक ऑइलची खोड अशी, की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात तर भराभर. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, बारीक खड्डे पडतात आणि ते खड्डे रबरी कप फाडतात. मेकॅनिक नुसतं कप-किट टाकून देतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळती. बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहावं. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदलणंच स्वस्त पडतं.

हॅंडब्रेकबद्दल मात्र नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथे अपघात होतात. या जीपचा हॅंडब्रेक मागच्या चाकांना लागत नाही. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या ड्रमला लागतो. शाफ्ट थांबला की चाकं थांबली, असं वाटतं. पण शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये डिफ्रन्शियल आहे, आणि ते दोन चाकांना वेगवेगळं फिरू देण्यासाठीच बसवलेलं असतं. चढावर मागचं चाक पंक्चर झालं, हॅंडब्रेक ओढला आणि ते चाक जॅकने उचललं, की जमिनीवरचं दुसरं चाक पुढे-मागे सरकायला मोकळं होतं. हवेतलं चाक उलटं फिरतं, एवढंच. गाडी जॅकवरून खाली येते. म्हणून जॅक लावण्याआधी उरलेल्या चाकांना दगड लावायचे आणि फोर-व्हीलचा लिव्हर टाकून ठेवायचा. पुढे लॉकिंग हब असतील तर तेही लॉक करायचे. मग पुढची दोन्ही चाकं धरून ठेवतात.

हॅंडब्रेक धरत नाही म्हणून केबल ओढून ओढून तोडण्याआधी ड्रम काढून पाहावा. ट्रान्स्फर केसचं मागचं सील त्या ड्रमच्या अगदी पाठीशी आहे. दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

तेल कुठून कुठे जातं

अशा जीपमध्ये वंगणाची ठिकाणं मोजायला बसलं तर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं आणि मागचं डिफ्रन्शियल, पुढच्या चाकांचे दोन नकल, स्टिअरिंग बॉक्स, शिवाय पाट्यांचे शॅकल, शाफ्टचे क्रॉस आणि स्टिअरिंगचे सांधे एवढी निघतात. बहुतेक मालक यातलं इंजिन ऑइल तेवढं बदलतात. बाकीची ठिकाणं मुकी आहेत, ती दिवा लावून सांगत नाहीत.

गिअरबॉक्स किंवा डिफ्रन्शियलच्या बाजूला एक बूच असतं. गाडी सपाटीवर उभी करून ते उघडायचं आणि करंगळी वाकवून आत घालायची. ऑइल बुचाच्या खालच्या काठाला टेकलं पाहिजे. ऑइल बदलताना मात्र हे वरचं, भरायचं बूच आधी सैल करून पाहायचं आणि मगच खालचं उघडायचं. उलटं केलं आणि वरचं बूच गंजून जाम निघालं, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची पाळी येते.

निघालेलं ऑइल फेकण्याआधी वाचावं. दोन बोटांत चोळलं की धातूचा कण लागतो. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पितळी झाक थोडी असायचीच, ती सिंक्रो कड्यांची. लोहचुंबकाला चिकटणारे पापुद्रे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटतं आहे. दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे आत पाणी.

हे पाणी आत शिरतं कसं, हे ओढे ओलांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चालून तापलेल्या डिफ्रन्शियलमध्ये गरम हवा असते. गाडी थंड पाण्यात उतरली की ती हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. अॅक्सलवर या श्वासासाठी ब्रीदर नावाचं एक लहानसं तोंड दिलेलं असतं. ते चिखलाने बुजलं असेल तर श्वास सीलमधून घेतला जातो, पाण्यासकट. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच नेऊन ठेवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. कुठलाही शोभेचा बंपर बसवण्याआधी मी ते करीन.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकमेकांना पाठ लावून बसलेली असतात आणि मधून शाफ्ट जातो. त्या भिंतीतलं सील झिजलं की ऑइल गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये सरकतं. बाहेर थेंबही दिसत नाही. एक बूच उघडलं तर करंगळी कोरडी निघते, दुसरं उघडलं तर ऑइलची धार लागते. ही जोडी दिसली की निदान झालं. बाहेरून भर घालत राहून उपयोग नाही, कधीतरी गिअरबॉक्स काढून सील बदलावंच लागेल. तोवर दोन्ही बुचं नेमाने पाहावीत.

पुढच्या नकलची कथाही अशीच. नकल म्हणजे पुढच्या अॅक्सलच्या टोकाचा तो गोल, चेंडूसारखा भाग, ज्यावर चाक वळतं. त्याच्या आत चाकाला फिरवणारा सांधा असतो आणि त्यात दाट ग्रीस भरलेलं असतं. तिथून पातळ ऑइल गळू लागलं तर बाहेरचं सील बदलून थांबू नये. ते ऑइल डिफ्रन्शियलचं आहे. अॅक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलं आहे.

स्टिअरिंग का थडथडतं?

जुनी जीप चालवलेल्या माणसाला हा अनुभव असतोच. चाळीस-पन्नासच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं अशी थडथडू लागतात, की स्टिअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ उभी करावी लागते, मग पुन्हा काही झालंच नाही अशी चालते. गॅरेजमध्ये याला ठरलेलं उत्तर मिळतं, व्हील बॅलन्सिंग करा. ते स्वस्त असतं आणि बहुधा निरुपयोगी.

निदान मालकालाही करता येतं. पुढचं एक चाक जॅकवर घ्या. दोन्ही हातांनी टायर वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि हलवा. टक्-टक् असा प्ले जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने चाक आणि नकल एकजीव होतात. आता प्ले नाहीसा झाला तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये होती. राहिला तर ती किंगपिनमध्ये आहे.

किंगपिन हा नकलचा उभा आस. त्याला वर एक, खाली एक असं टेपर बेअरिंग असतं आणि टोप्यांखाली कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या, म्हणजे शिम, असतात. झीज झाली की शिम काढून बेअरिंग पुन्हा आवळता येतं. किती आवळायचं हे हाताच्या अंदाजाने ठरवायचं नसतं. टाय-रॉड सोडवून, सील बाजूला करून, नकलच्या आर्मला साधा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढायचं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वजनाला नकल सावकाश फिरला पाहिजे. वरून जेवढ्या शिम काढाल तेवढ्याच खालूनही काढायच्या, म्हणजे नकल मधोमध राहतो.

पण शिम काढण्याआधी बेअरिंग बाहेर काढून पाहावं. चाकाचं बेअरिंग गोल-गोल फिरतं, किंगपिनचं मात्र फिरत नाही. ते जन्मभर त्याच इंचभर जागेत मागेपुढे होतं आणि बराचसा काळ सरळच उभं असतं. त्यामुळे सरळ स्थितीत रोलर जिथे टेकतात, बरोबर तिथे कडीवर बारीक खळगे पडतात. त्यांवरून नख फिरवलं की कळतात. असं बेअरिंग सरळ असताना आवळलं तर वळणावर जाम होतं, वळणावर मोकळं केलं तर सरळ ढिलं पडतं. शिमने हे सुटणारं नाही, मागे दिलेले ११५९० आणि ११५२० हे नंबर दुकानात सांगायचे.

यानंतर टाय-रॉडचे सांधे, पाट्यांचे शॅकल आणि यू-बोल्ट. मग स्टिअरिंग बॉक्स. बॅलन्सिंग सर्वांत शेवटी. स्टिअरिंग डॅम्पर नावाचा एक छोटा शॉक-अॅब्सॉर्बर आडवा लावून देण्याचीही पद्धत आहे. थडथड त्याने थांबते. ढिलाई तशीच राहते आणि मालक निर्धास्त होतो, म्हणून सगळं तपासून झाल्याशिवाय तो लावू नये या मताचा मी आहे.

चारही चाकांना कधी ओढू द्यायचं?

चार चाकं ओढतात म्हणजे गाडी नेहमीच अधिक चांगली चालेल, असं नवख्याला वाटतं. काहीजण तर घाटातल्या कोरड्या डांबरावरही लिव्हर टाकून ठेवतात. यात गाडी आतल्या आत स्वतःशी भांडत असते.

पुढचा आणि मागचा अॅक्सल ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना घट्ट जोडले गेले की दोघांना सारखंच फिरावं लागतं. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाचं पाऊल लांब पडत असेल तर सगळा ताण जुवावर येतो, तसं इथे होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात एखादं चाक घसरून हा फरक भागवून घेतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, म्हणून फरक शाफ्टला पिळत राहतो.

सरळ रस्त्यावरही हे घडतं, टायर असमान असतील तर. हिशेब करून पाहू. ६.००-१६ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२७ मीटर धरा. त्याच टायरची नक्षी ८ मिलिमीटर झिजली तर व्यास १६ मिलिमीटरने आणि परीघ सुमारे ५० मिलिमीटरने घटतो, म्हणजे २.२२ मीटर. एक किलोमीटर जायला नव्या टायरला सुमारे ४४० फेरे लागतात, झिजलेल्याला ४५०. दहा फेऱ्यांचा फरक. चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे, म्हणजे एका किलोमीटरमागे चोपन्न फेऱ्यांची तफावत शाफ्टांनी सोसायची. म्हणून फोर-व्हीलला दोनच नवे टायर घेण्याची काटकसर महाग पडते. स्टेपनीसकट पाचही टायर फिरते ठेवले तर ते एकत्र झिजतात.

लिव्हर टाकलेला आहे आणि आता निघत नाही, अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजमध्ये येतात. काहीही मोडलेलं नसतं, दात पिळाखाली अडकलेले असतात. गाडी दहा-पंधरा फूट सरळ मागे घ्यावी, पीळ उलगडतो आणि लिव्हर हाताने निघतो.

लो गिअरचं गणितही पाहण्यासारखं आहे. पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि अॅक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार होतो सुमारे ३७. इंजिन मिनिटाला १,००० फेरे मारत असेल तर चाक जेमतेम २७ फेरे फिरतं आणि गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीने सरकते. जोर सदतीस पटींच्या जवळपास जातो. एवढा जोर एकट्या मागच्या अॅक्सलला तोडू शकतो, म्हणून मूळ रचनेत पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही. हा बंदोबस्त काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. तशी गाडी घेतलीत तर मागच्या अॅक्सलचा शाफ्ट आधी तपासा.

इंजिन उघडायचं का?

बऱ्याच वेळा नाही. धूर दिसला की इंजिन खोलायची घाई गॅरेजला असते, कारण काम मोठं असतं. आधी कॉम्प्रेशन मोजावं. पेट्रोल इंजिन तापवून सगळे प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि एकेका सिलिंडरला मीटर लावून स्टार्टर फिरवायचा. समजा आकडे आले ११०, १०८, ७०, १०५. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. ७० चे ९५ झाले तर ऑइलने रिंगांची फट बुजवली, म्हणजे रिंगा किंवा बोअर गेला आहे. ७० चे ७० च राहिले तर दोष व्हॉल्व्हचा. हरिकेनमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारा ब्लॉकमध्ये असतो. जळतो तो बहुधा दुसरा, आणि टॅपेटची फट वेळेवर न तपासल्यामुळे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले तर हेड गॅस्केट पाहावं. चारही आकडे जवळपास सारखे आणि पुरेसे असतील तर इंजिन उघडू नये आणि कार्ब्युरेटर, इग्निशन, रेडिएटर यांच्याकडे वळावं. डिझेलला जास्त दाबाचा मीटर लागतो, तर्क हाच. फक्त सकाळी चालू व्हायला त्रास देत असेल तर ग्लो प्लग आणि डिझेलच्या नळीत शिरणारी हवा यांच्यापासून सुरुवात करावी.

ओढ्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका, हे डिझेलवाल्यांना दोनदा सांगावं लागतं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढायची, एअर फिल्टर उघडून पाहायचा. ओला निघाला तर डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढूनच इंजिन फिरवायचं.

चेसिस आणि कागद

आतापर्यंत सांगितलेलं सगळं बदलता येतं. चेसिस बदलता येत नाही, निदान कायद्याने सहजासहजी नाही. म्हणून जुनी गाडी घेताना बॉनेट उघडण्याआधी खाली झोपावं. पाट्यांचे हॅंगर, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि चिखल साचणारे कोपरे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. टोक आत गेलं तर किंमत पाडा किंवा घरी जा. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीच्या तारा सोडवून ठेवाव्यात. तुटलेला पाटा मात्र कधीही वेल्ड करू नये. पोलाद तापलं की त्याची लवचीकता जाते आणि तो जोडाशेजारीच पुन्हा तुटतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी आरटीओला दाखवून फिटनेससह पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवावी लागते. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसी पुस्तकात हवी. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांतून हौसेने नटवून आलेल्या जीपा छान दिसतात, पण कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर घेता येतो. मात्र त्या नोंदणीवर गाडी रोजच्या रस्त्यावर किंवा धंद्याला वापरता येत नाही, त्यामुळे पोती वाहणाऱ्या जीपने त्या वाटेला जाऊ नये.

आणि चेसिस रंगवायला देण्याआधी तिच्यावरचा कोरलेला नंबर शोधून त्यावर ग्रीस फासून वर कागद चिकटवून ठेवावा. रंगारी पॉलिशपेपर घेऊन उभा राहिला की त्याला तो नंबर गंजासारखाच दिसतो.